नीट बंद केलेला प्रोग्रॅम

विजयादशमीच्या सकाळी सिंगानल्लूरच्या त्या गल्लीत आदल्या दिवशी फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी कुंकवाने लाल होऊन अजून रस्त्यावर पडल्या होत्या. त्या चुकवत याळिनीने स्कूटर फाटकाशी उभी केली. फाटकाला बांधलेल्या केळीच्या खुंटांनी एका रात्रीत माना टाकल्या होत्या. मरगदम टीचरचा निरोप सकाळीच फोनवर आला होता, तोकडा: ‘ये. बोलत नाही.’ आयुधपूजेसाठी संगणक पुसताना स्पीकरची वायर सुटली असेल, एवढाच अर्थ याळिनीने लावला होता. पिशवीत तिने एक नवी वायर टाकून आणली होती.

दाराशी वेताच्या खुर्चीत नाचिमुत्तु बसले होते. सरकारी बसवर आयुष्यभर ड्रायव्हर असलेल्या या माणसाची नजर निवृत्तीनंतर मधुमेहाने हळूहळू नेली होती. आता त्यांना उजेड आणि अंधार यांतला फरकही कळत नसे. मांडीवर त्यांचा जुना पितळी भोंगा होता. त्याच्या रबरी फुग्यावर कालच्या पूजेचं चंदन वाळून तडकलं होतं.

“कोण, याळिनी का? तुझ्या गाडीचा ब्रेक केवढा ओरडतोय, कण्णू, पोरी. काल चाकाखाली लिंबू चिरडलंस की नाही?”

“चिरडलं, अय्या.”

“लिंबू चाकाला पावतं, ब्रेकला तेलच लागतं. जा आत. तुझी टीचर पहाटेपासून त्या पेटीशी झटतेय. आज मला कोणी ‘कॉफी घ्या’ म्हटलेलं नाही. पेला आपटून कॉफी दिली मला! डेपोच्या कँटीनमध्येसुद्धा यापेक्षा बरी वागणूक होती.”

ते हसले. याळिनीही हसली आणि चप्पल काढून आत गेली.

बाहेरच्या या मोठ्या खोलीत एके काळी मरगदम टीचरची टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट भरत असे. सहावीतल्या याळिनीने इथेच, डोळ्यांवर रुमाल बांधून, कळांची जागा पाठ केली होती. आता भिंतीशी फक्त चार यंत्रं उरली होती. प्रत्येकावर खोळ, खोळीवर चंदनाची तीन बोटं आणि मधोमध कुंकू. खिडकीजवळच्या टेबलावर संगणक होता. त्याच्या पडद्याच्या कडेलाही तसंच चंदन, तसंच कुंकू, आणि कीबोर्डपुढे केळीच्या पानावर कुरमुरे, डाळं आणि गुळाचा खडा.

टीचर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल होता. त्याच्या आड, कंठाच्या जागी, आता श्वास घेण्याचं छिद्र होतं. त्यांनी याळिनीकडे पाहिलं नाही. बोटाने पडदा दाखवला.

प्रोग्रॅम उघडलेला होता. वर याळिनीनेच निवडलेली निळी पट्टी होती आणि तिच्यावर ‘टीचरचा आवाज’ ही अक्षरं. पट्टीखाली वाक्यांची लांबच लांब यादी असायला हवी होती. तिथे पांढरी जागा होती, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘साठवलेली वाक्ये: ०’.

याळिनीने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. वायरची पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती.

“ही दुसरी खिडकी उघडली असेल, टीचर,” ती म्हणाली. “थांबा हं.”

तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. नेहमीसारखाच तो उघडायला वेळ लावू लागला. त्या वेळात टीचरच्या रुमालामागून येणारा श्वास तिला स्पष्ट ऐकू येत होता. पट्टी आली. यादी आली नाही. शून्य तसंच होतं.

*

तीन महिन्यांपूर्वी टीचर पीळमेडूच्या पंपांच्या कारखान्याबाहेर उन्हात याळिनीची वाट पाहत उभ्या होत्या. गळ्यातली गाठ स्वरयंत्रात शिरली होती, आणि स्वरयंत्र काढण्यावाचून डॉक्टरांपुढे दुसरी वाट नव्हती. टीचर रडल्या नव्हत्या. टाइपिंगची परीक्षा जवळ आल्यावर त्या जशा एकेका मुलीची अडचण हिशेबात घेत, तशीच त्यांनी स्वतःची अडचण मांडली होती.

“लिहून दाखवीन म्हटलं तर त्यांना दिसत नाही. खुणा करीन म्हटलं तरी दिसत नाही. हॉस्पिटलात एक घरघरतं यंत्र दाखवलं, गळ्याला लावून बोलायचं. घरी आणून सहज लावून पाहिलं, तर हे दचकून म्हणाले, ‘घरात कोण शिरलंय?’” इथे त्या थोडं थांबल्या. “मला माझा आवाज घालून ठेवायचाय, याळिनी. लोणच्यासारखा. वर्षभर काढून वाढता येईल असा. जमेल का तुला?”

याळिनीला न जमण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. कारखान्यात तिचं कामच ते होतं. पंपांच्या चाचणीसाठी ती पायथनमध्ये लहान लहान स्क्रिप्ट लिहीत असे. पण स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, तो वाचून चालवणारा प्रोग्रॅम त्या त्या संगणकावर आधी बसवलेला असावा लागतो. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या संगणकांवर तेवढं सगळं कोण बसवणार? म्हणून ती प्रत्येक स्क्रिप्ट, ती चालवणारा प्रोग्रॅम आणि लागेल ते बाकीचं सामान एकाच फाईलमध्ये बांधून देत असे. दोनदा टिचकी मारली की चालू. शेजारच्या टेबलावरचा मुरुगवेल या फाईलींना उकडीच्या मोदकांवरून ‘याळिनीची कोळुकट्टै’ म्हणत असे. “काहीही द्या, ही तांदळाच्या पारीत कोंबते आणि तोंड मिटवून टाकते. आत सारण काय आहे ते देवालाही दिसत नाही!” याळिनीला ती थट्टा आवडायची. वापरणाऱ्याला आतलं काही कळावं लागू नये, यात तिला तिच्या कामाचं सौजन्य दिसत असे.

टीचरसाठीही तिने तसंच केलं. वाक्य टाइप करायचं, माईकसमोर बोलायचं, ते साठवलं जायचं. पुढे त्या वाक्याची सुरुवातीची अक्षरं दाबली की टीचरच्या आवाजात तेच वाक्य. स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून तिने कितीदा तरी तपासली. मग कोळुकट्टै वळली, टीचरच्या संगणकावर ठेवली, आणि संगणक मंद आहे म्हणून त्याची जुनी हार्ड डिस्क काढून स्वतःच्या पैशाने नवी एसएसडीही बसवून दिली.

तरीही प्रोग्रॅम उघडायला वेळ घ्यायचा.

“कॉफीचा डिकॉक्शन उतरेपर्यंत उघडत नाही गं हा,” तेव्हा टीचर स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या होत्या. “एवढं काय करतो आत?”

“गाठोडं सोडून सामान मांडतो, टीचर. एकाच फाईलमध्ये सगळं कोंबलंय ना.”

“आणि जाताना?”

“जाताना सगळं आवरून जातो. शहाणा आहे. पण तुम्ही बंदच नका करू. चालूच राहू द्या, रात्री फक्त पडदा बंद करा. बोलायचं असेल तेव्हा उगाच खोळंबा नको.”

टीचरनी ते ऐकलं. शस्त्रक्रियेपर्यंतचे सगळे दिवस त्या या खुर्चीत बसून बोलत राहिल्या. ‘गोळी घेतलीत का?’ ‘आज भात मऊ झालाय, सावकाश जेवा.’ ‘दारात पोस्टमन आहे.’ त्यांची बोटं बोलण्यापेक्षा वेगाने चालत. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर नाचिमुत्तुंच्या प्रश्नाला उत्तर यायला कधी उशीर झाला नाही. ते दुपारी झोपेतून दचकून “मरगदम?” अशी हाक मारत, आणि खिडकीकडून लगेच तिचा आवाज येई: ‘इथेच आहे.’ एकदा याळिनी समोर बसलेली असताना हे घडलं होतं. टीचरच्या एका बोटाने एक कळ दाबली होती, आणि म्हातारा कूस बदलून पुन्हा झोपी गेला होता.

*

याळिनीने पिशवी खाली ठेवली. 

“टीचर, काल नक्की काय काय केलंत?”

टीचरच्या मांडीवर पाटी होती. डोळस माणसांशी त्या पाटीवर बोलत. वळणदार अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘पूजा. यंत्राला विश्रांती. आधी प्रोग्रॅम बंद केला, कोपऱ्यातल्या फुलीवर. मग संगणक. तू शिकवलंस तसं. वायर ओढली नाही.’

याळिनीने मान डोलावली. तिला सगळं दिसलं. आयुधपूजेला या घरात एकही कळ दाबली जात नसे. सकाळी सगळी यंत्रं पुसायची, थांबवायची, त्यांना गंध लावायचं, आणि विजयादशमीला पहिलं अक्षर टाइप करून वर्ष सुरू करायचं, ही रीत टीचरनी इन्स्टिट्यूटमध्ये एवढी वर्षं पाळली होती. एरवी याळिनीच्या सांगण्यावरून त्या प्रोग्रॅम कधी बंद करत नव्हत्या. काल, तीन महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी तो बंद केला होता. अगदी नीट.

आणि जाताना तो सगळं आवरून जातो.

हे वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते तिचंच होतं. याच खोलीत, याच टेबलाशी, हसत हसत ती ते बोलली होती. तिने स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की आवाज ‘आपल्या शेजारी’ साठव. तिच्या लॅपटॉपवर स्क्रिप्टच्या शेजारी म्हणजे तिचा साधा, कायमचा फोल्डर होता. म्हणून प्रत्येक चाचणी बरोबर आली होती. पण कोळुकट्टै वळल्यावर स्क्रिप्ट राहत होती गाठोड्याच्या आत, आणि गाठोडं प्रत्येक वेळी सोडलं जात होतं ते एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये. तिचा शेजार तोच. टीचरचं प्रत्येक वाक्य त्या भाड्याच्या खोलीत जाऊन राहिलं होतं, आणि प्रोग्रॅमने निघताना शहाण्यासारखी खोली झाडून रिकामी केली होती. कारखान्यात हे कधीच घडलं नव्हतं, कारण तिथल्या नोंदी थेट सर्व्हरवर जात. बांधलेली फाईल बंद करून, पुन्हा उघडून, कालचं आज दिसतं का एवढं पाहायला चार मिनिटंसुद्धा लागली नसती. तिने ते पाहिलं नव्हतं.

 टेबलाची कड धरून ती उभी राहिली.

“काय गं, बिघाड सापडला का?” दारातून आवाज आला.

“बघतेय, अय्या.”

पुसलेल्या फाईली परत आणणारा प्रोग्रॅम तिने पेन ड्राइव्हवरून चालवला. तो शोधू लागला तशी तिची नजर खिळून राहिली. काही नावं वर आली. तिने एक उघडलं. शांतता. दुसरं उघडलं. आत एकही स्वर नव्हता, नुसती शून्यं. जुनी डिस्क असती तर पुसलेलंही काही दिवस मागे रेंगाळलं असतं. नव्या एसएसडीने रिकामी झालेली जागा तेव्हाच साफ करून टाकली होती. ती डिस्क तिने प्रेमाने आणून बसवली होती. या प्रेमाचा विचार आता तिला सहन होईना.

टीचर तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. टाइपिंग शिकवताना मुलींनी चूक लपवायच्या आत त्यांना ती खांद्यावरून दिसत असे. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं. पाटी याळिनीपुढे धरली.

“काय लिहिलंय तिने?” नाचिमुत्तुंनी विचारलं. खडूचा आवाज त्यांना बरोबर कळे. “मोठ्याने वाच. माझ्या घरात माझ्या नकळत पत्रव्यवहार नको.”

याळिनीने पाटीकडे पाहिलं. 

“‘सगळं गेलंय. माझ्या हातून पुसलं गेलं. बंद करायला नको होतं.’”

भोंग्यावरचा म्हाताऱ्याचा हात थांबला.

“सगळं म्हणजे?”

याळिनीने पडद्यावरचं शून्य पुन्हा पाहिलं. 

“सगळं म्हणजे काय, कण्णू? ‘गोळी घेतलीत का’ गेलं? जाऊ दे, तो जाचच होता. ‘इथेच आहे’ आहे ना?”

“नाही, अय्या.”

“तेही नाही?”

“एकही नाही.”

नाचिमुत्तु उठले नाहीत. त्यांनी चेहरा आवाजाच्या दिशेने, म्हणजे याळिनीकडे, वळवला, आणि मग हळूच थोडा बाजूला, जिथे टीचर असतील असा त्यांचा अंदाज होता तिकडे. अंदाज चुकला होता. ते टाइपरायटरांच्या रांगेकडे पाहत होते.

“मरगदम,” ते म्हणाले. “तू तुझा आवाज पुसलास?”

टीचरनी ओठ घट्ट मिटले. मान हलवून ‘हो’ म्हटलं, आणि ते आपल्या नवऱ्याला दिसत नाही हे आठवून टेबलावर बोटाने एकदा ठोकलं. एक म्हणजे हो. दवाखान्यात दोघांनी ठरवलं होतं.

ते एक ठोकणं ऐकून याळिनीला राहवलं नाही.

“नाही, अय्या. त्यांनी नाही. मी पुसलाय.”

“तू तर आत्ता आलीस.”

“मी जे बनवून दिलं तेच तसं होतं. आवाज जिथे ठेवायला हवा होता तिथे मी ठेवलाच नाही. बंद केलं की सगळं जाणार, हे पहिल्या दिवसापासून त्यात होतं. टीचरनी जे केलं ते अगदी बरोबर केलं. मी शिकवलं तसंच केलं.” तिचा आवाज फाटला. “काल नाही तर दिवाळीला गेलं असतं. कधीतरी जाणारच होतं. मी तपासलंच नाही.”

बाहेर गल्लीत कोणीतरी नव्याने धुतलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजवून गेलं. नाचिमुत्तुंनी भोंग्यावरचं वाळलेलं चंदन नखाने खरवडलं. मग म्हणाले, “म्हणजे गाडी धुवायला घेतली आणि आतले प्रवासीपण धुऊन टाकले.”

त्यांनी ते थट्टेच्या सुरात म्हटलं नाही. याळिनीला त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. भोंगा त्यांनी पोटाशी धरला, आणि त्यांचे आंधळे डोळे भरून आले.

टीचरच्या खडूची कुरकुर पुन्हा सुरू झाली. या वेळी पाटी त्यांनी याळिनीच्या अगदी जवळ, मोठ्याने वाचू नकोस अशा खुणेसह धरली: ‘काही वाक्यं त्यांना अजून ऐकवायची होती. पुढे कधीतरी.’

याळिनीने ‘कोणती’ असं विचारलं नाही. ‘पुढे कधीतरी’ म्हणजे केव्हा, हे तिला कळलं. पाटीवरची ती ओळ टीचरनी स्वतःच पदराने पुसली.

“वीज गेली असती तरी बरं झालं असतं,” याळिनी म्हणाली. ती दोघांशीही बोलत नव्हती, पश्चात्तापाच्या भरात तिचं डोकं आपोआप चालत होतं. “मध्येच बंद पडला असता, तर त्याला आवरायला वेळच मिळाला नसता. सामान जसंच्या तसं पडून राहिलं असतं. नीट बंद केला म्हणून गेलं हो सगळं. नीट बंद केला म्हणून.”

टीचरचा पदर पाटीवरच थांबला. त्यांनी याळिनीच्या मनगटाला धरलं, आणि दुसऱ्या हाताने घाईघाईने लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं: ‘वीज गेली होती.’

“कधी?”

‘सुरुवातीला. ऑपरेशनच्या पुष्कळ आधी. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली. मग नवी घेतली.’

“आणि परत लावल्यावर? वाक्यं होती?”

खडू क्षणभर घुटमळला. ‘नव्हती. सरावाचीच होती, हात बसवताना केलेली. वाटलं, मीच काहीतरी दाबलं. तुला कुठे त्रास द्यायचा? नव्याने सुरू केलं.’

“टीचर!” याळिनी जवळजवळ ओरडली. “मला सांगायचं होतंत ना तेव्हा! तेव्हाच कळलं असतं मला!”

हे शब्द तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. दोष देण्याची जागा मिळताच जीभ किती पटकन तिकडे वळली होती. टीचर मात्र रागावल्या नव्हत्या. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं: बघ.

तात्पुरत्या फायलींचा तो फोल्डर याळिनीने उघडला. अडगळीच्या माळ्यासारखी तिथे नाना प्रोग्रॅमांनी टाकून दिलेली सामग्री होती. कोळुकट्टैच्या गाठोड्याला मिळणारं नाव तिला ठाऊक होतं. त्या नावाचा एक फोल्डर आजचा होता, आत्ताच उघडलेल्या प्रोग्रॅमचा. ती खाली सरकत गेली. जुलैपर्यंत आली. तिथे तसंच नाव असलेला दुसरा फोल्डर होता. ज्याला आवरायला कोणी परत आलं नव्हतं, असा.

आत आवाजाच्या फाईली होत्या. फार नव्हत्या.

 तिने पहिली फाईल उघडली.

‘हॅलो,’ खोलीत टीचरचा आवाज आला. ‘हॅलो. याला दिवा लागलाय म्हणजे चालू आहे ना?’

वेताची खुर्ची करकरली. नाचिमुत्तु अर्धवट उठले होते.

दुसऱ्या फाईलमध्ये टीचर वर्गातल्यासारखी लय धरून कळांची नावं म्हणत होत्या: ए, एस, डी, एफ, आणि मग अंगठा, अंगठा. तिसऱ्यात नुसतं खोकणं होतं. चौथ्यात नाचिमुत्तुच लांबून विचारत होते, ‘माझाही आवाज घेतेस का? मी मेल्यावर कंडक्टरला शिव्या द्यायला उपयोगी पडेल,’ आणि टीचर हसू दाबत म्हणत होत्या, ‘पुसा आता हे, कसं पुसायचं?’ याळिनी एकेक उघडत गेली. ‘इथेच आहे’ नव्हतं. ‘कॉफी घ्या’ नव्हतं. ठरवून, विचार करून, एखाद्याच्या उरलेल्या आयुष्यासाठी म्हटलेलं एकही वाक्य तिथे नव्हतं. होता तो नुसता सराव. पुढे ऑपरेशन आहे हे विसरून एका बाईने यंत्रावर केलेली कुरकुर. आशेने उंच गेलेलं याळिनीचं मन पायरी पायरीने खाली उतरत होतं.

शेवटची फाईल उरली. आधी पंख्याची घरघर ऐकू आली, आणि मग त्या घरघरीवर, त्रासलेल्या, भरदार, निरोगी आवाजात:

‘अहो, पंखा बंद करा! सगळा वारा यातच शिरतोय.’

नाचिमुत्तु उभे राहिले. भोंगा खुर्चीवर ठेवून, भिंतीला तळवा घासत ते चार पावलं चालले, बटणांच्या फळीपाशी पोहोचले, तिसरं बटण चाचपलं आणि पंखा बंद केला.

वरचं पातं फिरत फिरत थांबलं. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा हात अजून बटणावरच होता.

टीचर हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गळ्यावरचा रुमाल श्वासाने फडफडत होता. आवाज मात्र कसलाच नव्हता. याळिनीला ते पाहवेना, आणि नजरही हलवता येईना.

मग तिने खुर्ची ओढली. सगळ्या फाईली आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग स्वतःच्या फोनवर, मग डेस्कटॉपवर एका साध्या उघड्या फोल्डरमध्ये, कुठल्याही गाठोड्याच्या बाहेर. प्रत्येक ठिकाणी त्या उघडून, बंद करून, पुन्हा उघडून वाजवून पाहिल्या. आज तिला कसली घाई नव्हती. टीचर पाहत होत्या. त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘पुढचं तोडता येईल? फक्त पहिला शब्द ठेव.’

याळिनीने शेवटची फाईल घेतली. आवाजाची रेघ पडद्यावर डोंगररांगेसारखी पसरली होती. पहिल्या टेकडीनंतर तिने ती कापली. बाकीची रांग तिने पुसली नाही. वेगळी ठेवली. उरलेल्या तेवढ्या तुकड्याला एकच कळ दिली.

टीचरनी कीबोर्डपुढचं केळीचं पान बाजूला सरकवलं. वर्षाचं पहिलं अक्षर टाइप करताना त्या नेहमी क्षणभर हात जोडत. आज त्यांनी तेही केलं. मग एक कळ दाबली.

‘अहो.’

मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. खोलीतला पंखा तर बंद होता.

नाचिमुत्तु भिंतीशी होते. त्यांनी वळून चेहरा खिडकीकडे केला. या वेळी अंदाज चुकला नाही.

“आता काय?” ते म्हणाले. “केला की बंद.”

टीचरनी पुन्हा कळ दाबली.

‘अहो.’

“येतोय गं,” ते म्हणाले, आणि भिंत सोडून, दोन्ही हात पुढे करून, आवाजाच्या दिशेने चालू लागले.